‘घोडीमागे चार पौंड’ : कँटरबरीतील फिरत्या घोड्याच्या जाहिरातीचा अर्थ

आपला प्रश्न मी नीट वाचला. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. न्यूझीलंडच्या कँटरबरी भागातील ॲशबर्टनजवळ आपण घेतलेल्या जुन्या शेतघराची डागडुजी करताना भिंतीच्या कागदाखाली अस्तर म्हणून चिकटवलेले १८८०च्या दशकातील वर्तमानपत्राचे एक पान निघाले, आणि त्यावर क्लाइड्सडेल या जड, ओढकामाच्या जातीच्या एका आंडील (खच्ची न केलेल्या, पैदाशीच्या) घोड्याची जाहिरात आहे. घोडा या हंगामात जिल्ह्यात फिरेल, असे म्हणून सोमवार ते शनिवार तो कुठे कुठे थांबेल त्या ठिकाणांची नावे दिली आहेत. पुढे अटी आहेत. घोडीमागे ४ पौंड, निम्मे पहिल्या भेटीला आणि उरलेले १ जानेवारीला. मोतद्दाराचे, म्हणजे घोडा सांभाळून फिरवणाऱ्या नोकराचे, ५ शिलिंग वेगळे, ते पहिल्या भेटीलाच. गाभणपणाची हमी हवी असेल तर ५ पौंड, घोडी गाभण ठरल्यावर. विकलेली किंवा बदललेली घोडी गाभण धरली जाईल. सर्व काळजी घेतली जाईल, पण जबाबदारी घेतली जाणार नाही. घोडा का फिरत असे आणि या अटींचा अर्थ काय, हे आपल्याला घराच्या इतिहासाच्या टिपणासाठी हवे आहे. शिवाय आपले वयोवृद्ध शेजारी म्हणतात की हे घोडेवाले शेतकऱ्यांना लुबाडत असत, ते खरे का, असेही आपण विचारले आहे.

मी पशुवैद्य आहे. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, पुण्याच्या आसपासच्या स्टड फार्मवर बावीस वर्षे घोड्यांच्या पैदाशीचेच काम केले आणि गेली दहा वर्षे कँटरबरीत तेच करतो आहे. मी इतिहासकार नाही, त्यामुळे त्या मालकाच्या मनात काय होते हे मी सांगू शकत नाही. परंतु घोडी कधी माजावर येते, कधी फळते आणि का उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते, या गोष्टी शंभर-दीडशे वर्षांत बदललेल्या नाहीत, आणि त्या जाहिरातीतील जवळजवळ प्रत्येक ओळ त्याच गोष्टींतून निघालेली आहे. म्हणून लुबाडणुकीचा प्रश्न मी थोडा बदलून घेतो. इतका खर्च आणि इतकी खटपट करून घोडी रिकामीच राहिली, तर ते नुकसान घोडेवाल्याने सोसायचे की घोडीवाल्याने? माझ्या मते सगळी जाहिरात या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी काही गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. घोडा कोणत्या वयाचा होता, त्या वर्षी वसंत उशिरा आला का, मोतद्दार किती जाणता होता, घोड्या कामाने किती थकलेल्या होत्या, यावर निकाल फार अवलंबून असतो. एकाच घोड्याने एका वर्षी नाव कमवावे आणि पुढच्या वर्षी गमवावे, हे मी स्वतः पाहिले आहे. तेव्हा पुढे जे लिहितो ते सर्वसाधारण चित्र आहे, तुमच्या भिंतीतल्या घोड्यावरचा निवाडा नव्हे.

त्या काळी कँटरबरीला घोडा किती हवा होता, हे प्रथम डोळ्यांसमोर आणावे लागते. या देशात पहिले घोडे १८१४ च्या डिसेंबरात मिशनरी सॅम्युएल मार्सडेन यांच्याबरोबर उत्तरेच्या बे ऑफ आयलंड्समध्ये उतरले. कँटरबरीची वसाहत त्यानंतर ३६ वर्षांनी, १८५० मध्ये वसली. इथल्या सपाट मैदानावर आधी मेंढ्या होत्या, पण १८७०च्या दशकापासून गव्हाखालची जमीन झपाट्याने वाढली, आणि दोन-तीन फाळांचे नांगर, पेरणी यंत्रे, कापून पेंढ्या बांधणारी यंत्रे हे सगळे घोड्यांनीच ओढायचे होते. आपल्याकडे बैलजोडी ज्या जागी आहे, त्या जागी इथे चार-सहा जड घोड्यांचा ताफा होता. हे घोडे कायम बाहेरून आणणे कोणत्याही शेतकऱ्याला परवडण्यासारखे नव्हते, म्हणून कामाच्या घोडीपासूनच पुढचे कामाचे जनावर तयार करायचे, ही रीत पडली. देशातील घोड्यांची संख्या १९११ मध्ये चार लाखांवर गेली, तेव्हा माणसे जेमतेम दहा लाख होती. ही वाढ मोठ्या नामांकित तबेल्यांनी केलेली नाही. दोन-चार घोड्या बाळगणाऱ्या साध्या शेतकऱ्यांनी आणि त्यांच्या दारापर्यंत चालत गेलेल्या आंडील घोड्यांनी ती केली.

आता घोडा का फिरत असे, याचे उत्तर. शर्यतीच्या घोड्यांत रीत उलटी होती आणि आजही आहे. तिथे घोडा एका जागी उभा राहतो आणि घोड्या त्याच्याकडे येतात, आठवड्याचे चराईचे पैसे देऊन महिना-दोन महिने तिथेच राहतात. १८६२ मध्ये इंग्लंडहून आणलेला ट्रॅड्यूसर किंवा १८७८ मध्ये ऑकलंडला आलेला मस्केट यांच्याकडे घोड्या अशाच जात. मस्केटचा मुलगा कार्बाइन याने १८९० मध्ये मेलबर्न कप ही ऑस्ट्रेलियातील मोठी शर्यत जिंकली. अशा एका शिंगरासाठी घोडी दोन महिने घराबाहेर ठेवणे मालकाला परवडते. नांगराच्या घोडीचे तसे नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात, तिला पेरणीच्या कामाला जुंपायचे असते, आणि ताफ्यातली एक घोडी गेली की सगळा ताफा अडतो. त्यातून ती नुकतीच व्यायलेली असेल तर पायाशी आठ-दहा दिवसांचे शिंगरू असते. तेवढ्या शिंगराला वीस किलोमीटर चालवत न्यायचे, वाटेत राकाइयासारख्या फाटे फुटलेल्या नद्या ओलांडायच्या, हा वेडेपणा ठरला असता. जनावर हलवायचेच तर एक सुदृढ, पोसलेला घोडा हलवणे सोपे, कामाच्या शंभर घोड्या हलवणे अवघड. क्लाइड्सडेलच्या मूळ देशात, स्कॉटलंडमध्ये, जिल्ह्याच्या शेतकरी मंडळींनी हंगामापुरता चांगला घोडा भाड्याने ठरवून आपल्या भागात फिरवायची पद्धत आधीपासून होती, आणि तिथून आलेल्या लोकांनी ती इथे आणली.

व्यायल्यानंतर साधारण सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान घोडीला पहिला माज येतो. जुने लोक सरळ ‘नववा दिवस’ म्हणतात. घोडीचे गाभणपण सुमारे अकरा महिन्यांचे असते. वर्षाला एक शिंगरू हवे असेल, तर व्यायल्यापासून महिन्याभरात ती पुन्हा फळली पाहिजे. नाहीतर दरवर्षी वीण पुढे पुढे सरकते आणि शेवटी एक हंगाम रिकामा जातो. त्यामुळे या नवव्या दिवसाच्या माजाला त्या शेतकऱ्याच्या लेखी फार मोल होते, आणि नेमक्या त्याच वेळी घोडी घराबाहेर नेता येत नव्हती. घोडा दारात येणे ही चैन नव्हती, ते या अडचणीवरचे उत्तर होते.

आठवड्याच्या वेळापत्रकाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण शेजाऱ्यांच्या तक्रारीचे मूळ बहुधा तिथे आहे. घोडीचे माजचक्र सुमारे एकवीस दिवसांचे असते. त्यातले पाच ते सात दिवस ती माजावर असते आणि बीज सुटते ते माज संपण्याच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तास आधी. सुटलेले बीज फार तर अर्धा दिवस टिकते. घोड्याचे वीर्य घोडीच्या पोटात दोन दिवस, कधी त्याहून जास्त, कामाचे राहते. आता समजा घोडी सहा दिवस माजावर आहे आणि घोडा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, तुमच्या थांब्यावर येतो. सहा दिवसांचा माज असल्यामुळे त्या वारी ती माजावर सापडण्याची शक्यता चांगली आहे. मात्र तो माजाचा कितवा दिवस असेल हे दैवावर आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशी भेट झाली तर बीज सुटेपर्यंत वीर्य थकलेले असते, अगदी शेवटच्या दिवशी झाली तर बीज गेलेले असते. ढोबळ हिशेबाने सहापैकी तीन दिवस उपयोगाचे आणि तीन वाया जाणारे. घोडा उत्तम, घोडी निरोगी, मोतद्दार प्रामाणिक, तरीही पहिल्या भेटीत निम्म्या घोड्या केवळ वारामुळे चुकू शकतात.

आणि पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एकवीस म्हणजे तीन साते. चुकीच्या दिवशी भेट झालेली घोडी तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते, तेव्हा घोडा त्याच वारी येतो आणि तो दिवस पुन्हा माजाचा तोच चुकीचा दिवस असण्याचा संभव मोठा असतो. चक्र थोडेफार मागेपुढे होते म्हणून काही घोड्या सुटतात. ज्यांचे चक्र घड्याळासारखे असते, त्या बिचाऱ्या हंगामभर उलटत राहतात आणि वांझ ठरवल्या जातात. हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. पुण्याजवळच्या एका स्टडवर नोकरीच्या पहिल्या वर्षी मी फक्त मंगळवारी जात असे आणि माझ्या भेटीप्रमाणे घोड्या आंडील घोड्याला दाखवल्या जात, म्हणजे त्यांचा संग घडवला जाई. तीन चांगल्या घोड्या मार्चपासून मेपर्यंत उलटत राहिल्या आणि मी त्यांच्या गर्भाशयात दोष शोधत बसलो. तिथले म्हातारे मोतद्दार मला एके दिवशी म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, घोडीला वार कळत नाही. तिला गुरुवारी दाखवून बघा.’’ गुरुवारी दाखवल्या आणि तिघींपैकी दोघी राहिल्या. चूक माझी होती, आणि त्या दोन महिन्यांचा खर्च मालकाच्या अंगावर पडला होता. त्यानंतर ठराविक वारी घोडी दाखवणे मी कायमचे बंद केले.

म्हणून आपल्या जाहिरातीतील थांब्यांची यादी मी जाणत्या शेतकऱ्याच्या नजरेने वाचतो. तो केवळ ‘बुधवारी आपल्या गावी’ एवढेच पाहत नसणार; शुक्रवारचा थांबा किती दूर आहे हेही पाहत असणार. बुधवारी घोडी नुकतीच माजावर आलेली दिसली, तर शुक्रवारी तिला पुढच्या थांब्यावर नेऊन पुन्हा दाखवायची. ज्याच्या घोडीच्या पायाशी शिंगरू नाही, त्याला एवढे अंतर जमण्यासारखे होते. पैसे भेटीमागे नव्हते, हंगामाला घोडीमागे होते, त्यामुळे दुसऱ्या भेटीचा वेगळा खर्च नव्हता. ज्यांनी हे केले त्यांच्या घोड्या जास्त राहिल्या असणार, आणि जे आपल्याच फाटकाशी वाट पाहत बसले त्यांना वाटले असणार की घोडेवाल्याने पैसे घेतले आणि काही दिले नाही.

घोडी माजावर आहे हे ओळखायचे साधन एकच होते आणि आजही तेच सर्वांत विश्वासाचे आहे. मध्ये भक्कम आडवी फळी ठेवून घोडा तिच्याजवळ आणायचा आणि ती काय करते ते पाहायचे. माजावर असलेली घोडी शेपटी बाजूला घेते, मागचे पाय फाकवून थोडी वाकते, थोडे थोडे मुतते. नसलेली घोडी कान मागे पाडते, किंचाळते आणि लाथ झाडते. स्टडवर या चाचपणीसाठी वेगळा घोडा असतो, त्याला आपल्याकडेही टीझर म्हणतात. फिरतीवर दुसरा घोडा कुठून आणणार? चाचपणी आणि काम दोन्ही एकाच घोड्याने करायचे, तेही अनोळखी अंगणात, अनोळखी घोडीसमोर. लाखमोलाच्या जनावराच्या पायावर एक लाथ बसली की हंगाम संपला. ‘काळजी घेऊ, पण जबाबदारी नाही’ ही अट मला म्हणूनच अन्यायाची वाटत नाही. दोन मोठी, उत्तेजित जनावरे एकत्र आणताना दोघांपैकी कुणालाही इजा होऊ शकते, आणि कँटरबरीतील तारेची कुंपणे व काटेरी गॉर्सची वई यांत अडकून घोडी जखमी होणे तर आजही घडते. माझी अडचण वेगळी आहे. ही अट घोडेवाल्याच्या निष्काळजीपणालाही झाकते. घोडीच्या मागच्या पायांना दावणी घातल्या का, घोड्याला दोन माणसांनी धरले का, हे ती विचारत नाही.

आता पैशांकडे वळू. त्या काळी नांगऱ्याला जेवणखाण आणि राहणे धरून आठवड्याला साधारण एक पौंड मिळे, म्हणजे ४ पौंड ही त्याची सुमारे महिन्याची कमाई. रक्कम लहान नव्हती, आणि १८८०चे दशक इथे मंदीचे होते. निम्मे पैसे आधी घेण्याचे कारण उघड आहे. चार महिने घोडा, मोतद्दार, ओट, नाल, मुक्काम यांचा खर्च रोज चालू असतो आणि पुढचे आठ महिने घोडा काहीच मिळवत नाही. १ जानेवारीही उगाच निवडलेली नाही. तोवर पैदाशीचा हंगाम संपत आलेला असतो, मेंढ्यांची कातरणी बहुतेक उरकलेली असते आणि गव्हाची कापणी तोंडावर असते, म्हणजे शेतकऱ्याकडे पैसा येण्याची वेळ झालेली असते. समजा घोड्याने हंगामात ८० घोड्या घेतल्या. कागदावर ३२० पौंड झाले. त्यातले निम्मे हाती आले. उरलेल्या निम्म्यासाठी ज्यांच्या घोड्या उलटल्या त्यांच्या दारात जानेवारीत उभे राहायचे आहे. हे १६० पौंड पूर्ण वसूल झाले असतील असे मला वाटत नाही.

मोतद्दाराचे ५ शिलिंग वेगळे आणि आधी, याकडे मी विशेष लक्ष वेधीन. घोड्याचे यश त्या एका माणसावर अवलंबून असते. घोडीचा स्वभाव ओळखणे, घोड्याला रोज किती भेटी द्यायच्या हे ठरवणे, कोणती घोडी कधी दाखवली याची वही ठेवणे, हे सगळे तोच करतो. त्याला घोडीमागे पैसे मिळत असल्यामुळे तो मेहनतीने घोड्या गोळा करणार, हा फायदा झाला. तोटा असा की आणखी एक घोडी घेण्याचा मोह त्याला सतत होणार. पूर्ण वाढलेला निरोगी घोडा दिवसाला दोन भेटी, आठवड्यातून एक दिवस विश्रांती देऊन, हंगामभर पेलू शकतो. रोज चार-पाच झाल्या की वीर्य पातळ होत जाते, घोडा उत्साहाने काम करताना दिसतो आणि घोड्या मात्र राहत नाहीत. तीन वर्षांच्या घोड्याला तर निम्मेही काम देऊ नये. आपल्या पानावर वय दिले असेल तर ते जरूर पाहा. चौथ्या वर्षात पदार्पण करणारा घोडा सहा दिवस सहा थांब्यांवर फिरत असेल, तर मला त्याची आणि घोडीवाल्यांची दोघांचीही काळजी वाटेल.

यात आणखी एक गोष्ट अशी आहे की ती कुणालाच दिसत नाही. घोड्याचे वीर्य तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे दोन महिने लागतात. सप्टेंबरच्या अखेरीस त्याला चार दिवस ताप आला, तर ऑक्टोबरात तो तुकतुकीत आणि जोमदार दिसतो, पण त्या तापाची झळ लागलेले वीर्य नोव्हेंबरपर्यंत बाहेर पडत असते. माझ्या हातून एका हंगामात असे झाले आहे. घोडा बरा झाला म्हणून मी त्याला दहाव्या दिवशी कामावर घेऊ दिले, आणि पुढच्या सहा आठवड्यांतील बहुतेक घोड्या उलटल्या. आज आपण सूक्ष्मदर्शकाखाली थेंब पाहून हे ओळखतो. वस्तीवस्तीवरून घोडा नेणाऱ्या मोतद्दाराकडे तसे काहीच साधन नव्हते. पावसात भिजत, रोज नव्या तबेल्यात बांधल्या जाणाऱ्या घोड्याला सर्दी-ताप होणे नेहमीचेच. अशा हंगामात शेतकऱ्यांना फसवल्यासारखे वाटले असेल, आणि घोडेवाल्यालाही आपण काय चुकलो ते कळले नसेल.

हमीच्या अटीत एक पौंड जास्त का, हे आता आपल्या लक्षात आले असेल. ४ पौंडांत रिकाम्या घोडीचे नुकसान घोडीवाल्याचे, ५ पौंडांत घोडेवाल्याचे. तो जास्तीचा पौंड म्हणजे विम्याचा हप्ता आहे. पण घोडी गाभण आहे हे ठरवायचे कसे? अल्ट्रासाउंड घोड्यांच्या पैदाशीत आला तो १९८०च्या दशकात, आणि गाभण घोडीच्या रक्तातील विशिष्ट संप्रेरकाचा शोध कोल आणि हार्ट यांनी १९३० मध्ये लावला. त्याआधी पुरावा एकच होता. तीन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी घोडी पुन्हा दाखवायची. तिने दोन्ही वेळा घोड्याला झिडकारले तर ती राहिली असे धरायचे. यात दोन्हीकडून चूक होते. काही घोड्या राहूनही माज दाखवतात. काही रिकाम्या असून दाखवत नाहीत. काहींचा गर्भ पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत जिरून जातो. जुळी राहिली तर बहुधा सातव्या-आठव्या महिन्यानंतर गाभडतात. तेव्हा घोडा दुसऱ्या जिल्ह्यात गेलेला असतो आणि शेतकऱ्याला मोकळ्या कुरणात कलेवर सापडते. ‘गाभण’ ठरली होती, पैसे दिले होते आणि शिंगरू मिळाले नाही. आजच्या करारांत म्हणूनच ‘उभे राहून दूध प्यालेले जिवंत शिंगरू’ असे स्पष्ट लिहितात. तुमच्या जाहिरातीत फक्त ‘गाभण’ आहे, आणि माझ्या मते त्या कागदातील खरी उणीव ही आहे.

विकलेली घोडी गाभण धरण्याची अटही हमीशीच जोडलेली आहे. घोडी दुसऱ्याच्या दावणीला गेली की तिचे पुढे काय झाले हे तपासणे अशक्य. आणि घोडी राहिली आहे असे कळल्यावर तिला चढ्या भावाने विकून ‘ती तर रिकामी होती’ म्हणून पैसे नाकारणेही सोपे. ही अट नसती तर हमी देणे कुणालाच परवडले नसते.

घोडा पाहून त्याचे शरीरदोष ओळखणे हे मात्र पूर्णपणे शेतकऱ्यावर सोपवलेले होते, आणि याबाबत शेजाऱ्यांचा राग मला समजू शकतो. जाहिरातीत रंग, उंची, बाप-आजा यांची नावे असतात. खुराच्या बाजूची कूर्चा हाडासारखी कठीण झाली आहे का, टाचेच्या वरच्या सांध्यात गाठ आहे का, पळताना श्वासाचा घरघराट होतो का, हे नसते. हे दोष पुढच्या पिढीत उतरतात आणि शिंगरू चार वर्षांचे होऊन नांगराला लागल्यावर उघड होतात, तोवर एका घोड्याची तीन-चारशे शिंगरे जिल्ह्यात पसरलेली असू शकतात. शेती मंडळांच्या प्रदर्शनांनी काही प्रमाणात चाळणी केली. कँटरबरीचे मंडळ १८६३ मध्ये स्थापन झाले होते, आणि वसंतात आंडील घोडे लोकांसमोर चालवून दाखवायची पद्धत इथे चांगली रुजली. सरकारी तपासणीला वेळ लागला. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतात १९०७ पासून घोडे तपासून प्रमाणपत्रे देऊ लागले, आणि इंग्लंडमध्ये फिरत्या घोड्यांना परवान्याची सक्ती १९१८ च्या कायद्याने झाली. म्हणजे आपल्या पानाच्या काळात परीक्षक एकच होता, तो म्हणजे घोडीचा मालक.

आपण मराठी असल्यामुळे एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. त्याच काळात दख्खनमध्ये उलटा प्रयोग चालू होता. १८७६ पासून हिंदुस्थान सरकारने पैदाशीचा नवा कारभार हॅलन या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे सोपवला. शेतकऱ्यांच्या पसंत केलेल्या घोडींना डाग देऊन त्यांना सरकारी आंडील घोडे मोफत दाखवले जात, कारण सरकारला फौजेसाठी घोडे हवे होते. तिथे घोडा निवडायचा अधिकार सरकारचा होता आणि नुकसानही सरकारचे. शेतकऱ्याला खर्च नव्हता, पण भीमथडीच्या काटक, लहान घोडीवर उंच विलायती घोडा हवा की नको, यात त्याचे मत कोणी विचारत नव्हते. शिवाय एका घोड्याने अनेक घोड्या घेतल्या की संसर्गही पसरतो. डोरीन हा संगातून पसरणारा रोग हिंदुस्थानात इतका त्रासदायक ठरला की त्यासाठी १९१० मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. कँटरबरीच्या शेतकऱ्याला ४ पौंड मोजावे लागत, पण न आवडलेल्या घोड्याला फाटकावरूनच परत पाठवण्याचा हक्क त्याच्याकडे होता. कामाच्या घोड्याच्या पैदाशीत हा हक्क मला फार मोलाचा वाटतो.

शेजाऱ्यांच्या म्हणण्याबद्दल माझे मत असे: अटी घोडेवाल्याच्या बाजूला झुकलेल्या आहेत, तरी लुबाडणुकीच्या नाहीत. ४ आणि ५ पौंडांचे दोन दर उघडपणे छापणारा मालक निदान शेतकऱ्याला निवड देत होता. घोड्या जास्त रिकाम्या राहिल्या असतील तर त्याचे कारण मी आधी वेळापत्रकात शोधीन, मग अतिकामात, मग तापात. अप्रामाणिकपणा सर्वांत शेवटी. टिपणात ‘फसवणूक’ हा शब्द आपण घालू नये अशी माझी विनंती आहे, कारण तो माणूस उत्तर द्यायला हयात नाही.

एक पडताळा मात्र आपल्याला घरबसल्या करता येईल. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रे शोधता येतील अशी ठेवली आहेत. त्यात या घोड्याचे नाव पुढच्या तीन वर्षांच्या ऑगस्ट ते डिसेंबरमधील अंकांत शोधा. शिंगरे जमिनीवर दिसली नाहीत तर त्याच रस्त्याने दुसऱ्या वर्षी घोडा फिरवणे अवघड असते. लोक दारातच जुन्या हंगामाचा हिशेब मागतात. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या वसंतातही त्याच थांब्यांवर दिसला, तर घोड्या राहत होत्या असे समजा. चौथ्या वर्षी तो दूरच्या जिल्ह्यात गेलेला आढळला, तर तेही वाईट लक्षण मानू नका, कारण तोवर त्याच्याच मुली माजावर येऊ लागलेल्या असतात आणि जाणता मालक तेव्हा घोडा हलवतोच. आणि दुसऱ्याच वर्षी तोच घोडा कमी दराने किंवा फक्त हमीच्या दराने दिसला, तर त्या पानाचे छायाचित्र मला पाठवा. पहिल्या हंगामात काय बिघडले असावे, याचा अंदाज थांब्यांच्या यादीवरून मी आपल्याला अधिक नेमका देऊ शकेन.